मागच्या दाराशी

आईचा निरोप आला तेव्हा हाओ रुइलान हॉटेलच्या मोठ्या हॉलमध्ये खुर्च्यांना पांढरी कव्हरं घालून घेत होती. आई फोनवर कधी लिहीत नसे. बटण दाबून धरायचं, बोलायचं आणि सोडून द्यायचं, ही तिची पद्धत. रुइलानने फोन कानाला घट्ट दाबून धरला, तरी दोन रांगा पलीकडे काम करणाऱ्या वेटरने वळून पाहिलंच.

"लानलान, ऐकतेस का गं. आमच्या गिरणीच्या पेन्शनर मंडळाची सहल निघालीय, छिंगदाओला, समुद्र बघायला. आणि हॉटेल कुठलं दिलंय माहितीय? तुझंच. मी पांग मावशीकडून दोनदा पत्ता वाचून घेतला. तुझंच हॉटेल बघ."

रुइलानची आई ग्वेईझेन. हनान प्रांतातल्या शिनश्यांगच्या कापड गिरणीत, साचेखात्यात मागावर, तिने उमेदीची सगळी वर्षं काढली होती. ते सगळे माग एकदम धडधडायला लागले की शेजारणीशी बोलायचं तर तिच्या कानाला तोंड लावून ओरडावं लागे. पुढे गिरणी बंद पडली, माग भंगारात गेले, पण ते ओरडणं ग्वेईझेनच्या घशात राहिलं आणि ती धडधड कानात. डावा कान तर कामातूनच गेलेला. घरी बसल्यावर गिरणीतल्याच बायकांनी नाचाचा गट काढला. संध्याकाळ झाली की कामगार वसाहतीच्या चौकात रांगा धरून नाचायचं. त्यांचा लाल स्पीकर ग्वेईझेनच्या ताब्यात असे. पट्टा खांद्याला अडकवून ती तो मिरवत आणायची, फोनवरून गाणं लावायची, आणि आवाज स्वतःच्या कानांच्या बेताने ठेवायची. त्यामुळे वसाहतीतल्या अर्ध्या घरांशी गटाचं भांडण होतं.

छिंगदाओत यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. रुइलान इथे नवीन लागली होती तेव्हा जेवणाच्या टेबलावर घरच्यांचा विषय निघाला. कुणाची आई डॉक्टर, कुणाची बँकेत. तुझी आई काय करते, असं कुणीतरी विचारलं आणि रुइलान बोलून गेली की शाळेत संगीत शिकवायची. का बोलली ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण बोललेलं मागे घेता येईना. उलट ते वाढतच गेलं. तिचा आवाज गोड, उच्चार स्वच्छ, हनानच्या बोलीचा मागमूस नाही. लोक म्हणायचे, आईकडून आलंय. समारंभात माइकवरून निवेदन करायचं काम तिच्याकडे आलं, मग बढती मिळून ती काउंटरची असिस्टंट मॅनेजर झाली. मोठे मॅनेजर फेंग साहेब एकदा पाहुण्यांसमोर म्हणाले, आमच्या हाओच्या घरातच गाणं आहे. रुइलानने मान खाली घालून स्मित केलं. लोकांना तो विनय वाटला.

सहलीचं कळल्यावर आधी तिने आईला वळवायचा प्रयत्न केला. हॉटेल महाग आहे, गर्दी आहे, समुद्र जवळून दिसत नाही. आई म्हणाली, अगं ते सहलवाल्यांनी ठरवलंय, मी कोण बदलणारी. मग एका दुपारी रुइलान नोकरांच्या जिन्यात जाऊन उभी राहिली आणि तिने फोनवर एक लांबलचक निरोप बोलून टाकला. नेमके शब्द तिला नंतर आठवेनात. ओळख दाखवू नकोस, असं सांगितल्याचं तेवढं आठवत होतं, आणि घाईघाईत बोलल्याचं, जिन्यावर कुणाची तरी पावलं वाजत होती म्हणून.

आईचं उत्तर आलं. "बरं." एवढंच, आणि तेही हळू आवाजात. आईला इतकं हळू बोलता येतं हे रुइलानला ठाऊक नव्हतं.

*

बस आली. सगळ्या बायकांनी सारख्या नारिंगी टोप्या घातल्या होत्या. काचेच्या दारातून आत शिरल्या शिरल्या त्यांनी अख्खी लॉबी भरून टाकली. कुणी झुंबराचे फोटो काढतंय, कुणी संडास कुठे म्हणून मोठ्याने विचारतंय, कुणी माशांच्या टाकीपुढे उभी राहून यातले खायचे कुठले यावर वाद घालतंय. काउंटरवरची निंग ओठ चावून हसू दाबत होती. ग्वेईझेन रांगेत सगळ्यांत शेवटी होती. खांद्याला लाल स्पीकर होता. तिने ओळखपत्र पुढे केलं. तिचं आडनाव च्याओ, लेकीचं बापाकडून आलेलं हाओ, तेव्हा कागदावरून कुणाला काही कळायचा प्रश्न नव्हता. तिने रुइलानकडे एकदाच पाहिलं, वरपासून खालपर्यंत, मागावरून उतरलेल्या कापडात कुठे धागा तुटलाय का हे पाहावं तसं. मग खोलीचं कार्ड उचललं आणि लिफ्टकडे गेली.

रुइलानचा जीव भांड्यात पडला. आणि आपला जीव भांड्यात पडला हे लक्षात येताच तिला कसंसंच झालं.

ग्वेईझेनने मैत्रिणींनाही गप्प करून ठेवलं होतं. माझी लानलान नेमकी याच दिवसांत ट्रेनिंगला दाल्यानला गेलीय, असं तिने बसमध्येच जाहीर केलं होतं. बायका हळहळल्या. पांग मावशी तेवढी म्हणाली, "तुझ्या लेकीचं ट्रेनिंग बरं मुहूर्त बघून लागतं गं." पांग मावशी साचेखात्यात ग्वेईझेनच्या शेजारच्या मागावर होती. ओठांच्या हालचालीवरून बोलणं ओळखायची सवय तिला तिथेच लागली होती, आणि तोंड बंद असलेल्या माणसाचंही तिला बरंच काही कळत असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्राकडच्या गच्चीवर नाच सुरू झाला. गच्ची मोकळी होती, हवा छान होती, बायकांना वाटलं ही आपल्यासाठीच ठेवलेली जागा. त्या गच्चीला लागूनच हॉल होता आणि हॉलमध्ये कुठल्याशा औषध कंपनीची सभा भरली होती, हे त्यांना कोण सांगणार. ढोलकाचा ठेका भिंतीतून आत घुमू लागला. पडद्यावर आकडे दाखवणारा माणूस थांबला. सभेतली माणसं आधी हसली, मग वैतागली. फेंग साहेब स्वतः काउंटरपाशी आले आणि म्हणाले, "हाओ, जा, बंद कर ते. आणि तो डबा निघेपर्यंत आपल्याकडे ठेवून घे. परत तक्रार नको मला." आणि ते तिच्याबरोबरच निघाले.

रुइलान गच्चीवर पोचली तेव्हा बायका गोल गिरकी घेत होत्या. आई पुढे, कठड्याजवळ, स्पीकर पायाशी ठेवून. तिने लेकीला येताना पाहिलं आणि वाकून आवाज बंद केला. पाय आधीच उचलला होता म्हणून पांग मावशी धडपडली.

माइकवरचा तो आवाज रुइलानच्या गळ्यातून आपोआप निघाला. "आदरणीय पाहुण्यांनो, आपल्याला तसदी दिल्याबद्दल क्षमा असावी. इथे शेजारी महत्त्वाची सभा सुरू आहे. हा स्पीकर आम्ही काउंटरवर सांभाळून ठेवू आणि निघताना परत देऊ."

बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. पांग मावशी मात्र रुइलानच्या तोंडाकडे बघत होती. मग ती ग्वेईझेनकडे वळली.

"ग्वेईझेन, अगं ही तुझी लानलानच ना? फोटोतली?"

फेंग साहेब रुइलानच्या मागे उभे होते. त्यांच्या कोटाची बाही तिला दिसत होती. बोलायचं असेल तर आत्ताच, हे तिला कळत होतं. आयुष्यात इतकं स्पष्ट तिला क्वचितच काही कळलं असेल. तिने तोंड उघडलंही असतं कदाचित. पण आई आधी बोलली.

"कुठली गं. माझी पोरगी दाल्यानला आहे, सांगितलं ना. ही तिच्यापेक्षा उंच आहे."

मग ग्वेईझेनने स्पीकर उचलला, पट्टा नीट गुंडाळला आणि दोन्ही हातांनी लेकीपुढे धरला. "घ्या, मॅनेजरबाई. चूक झाली आमची. गावाकडची माणसं, कळलं नाही."

रुइलानने तो घेतला. "सहकार्याबद्दल आभारी आहे," ती म्हणाली. परत जाताना फेंग साहेबांनी छान हाताळलंस म्हणून तिची तारीफ केली.

त्या दिवशी तिने काम केलं, हसली, एका जपानी जोडप्याला टॅक्सी बोलावून दिली. संध्याकाळी आईच्या खोलीत जावं असं दोनदा मनात आलं. पण खोलीत आईबरोबर पांग मावशी होती. उद्या बघू, असं म्हणत ती आपल्या भाड्याच्या खोलीवर गेली आणि दिवा न लावताच पलंगावर बसून राहिली. मी तरी कुठे नाही म्हटलं, मी तर काहीच बोलले नाही, असं ती स्वतःला समजावत होती. तेवढ्याने मन मानेना.

सहलीच्या शेवटच्या सकाळी ती रेस्टॉरंटच्या काचेपाशी उभी होती. खाली वाळूवर नारिंगी टोप्या दिसल्या. बायका नाचत होत्या, गाण्याशिवाय. आई पुढे उभी राहून हात वरखाली करत मात्रा मोजून देत होती. तिचा आवाज वाळूवर सगळ्यांना ऐकू जात असणार, पण जाड काचेतून आत काहीच येत नव्हतं. एका ओळीतल्या बायका उजवीकडे वळल्या, दुसरीतल्या डावीकडे, आणि सगळ्या हसू लागल्या. आई हसली नाही. ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

*

दुपारच्या आत खोल्या सोडायच्या होत्या. बायका वर सामान बांधत होत्या, बस दाराशी लागली होती. लॉबीत बरीच वर्दळ होती. औषध कंपनीची माणसंही आजच निघणार होती आणि फेंग साहेब त्यांना निरोप द्यायला उभे होते. लाल स्पीकर काउंटरच्या आत एका स्टुलावर ठेवला होता. निंगने तो चार्जिंगला लावला होता. "बसमध्ये लागेल ना मावशींना," ती म्हणाली होती. निंगचा स्वभाव तसा मायाळू.

ग्वेईझेन सगळ्यांच्या आधी एकटीच खाली आली. काउंटरसमोरच्या सोफ्यावर बसली, बॅग पायाशी ठेवली, पिशवी मांडीवर घेतली आणि लेकीला बघू लागली. पाहुण्यांची ये-जा चालू होती, कुणाचं लक्ष नव्हतं. रुइलानला ते बघणं जाणवत होतं. ती मान खाली घालून कुणाचंतरी बिल तपासत राहिली. थोड्या वेळाने आईने पिशवीतून फोन काढला, लांब धरून डोळे बारीक करून त्यात काहीतरी शोधलं आणि फोन उजव्या कानाला लावला.

काउंटरच्या आत स्टुलावरचा, रोज याच फोनशी आपोआप जोडला जाणारा स्पीकर जागा झाला. "फोन जोडला गेला आहे," त्यातली बाई म्हणाली. तिचं बोलणं संपता संपता दुसरा आवाज सुरू झाला.

"आये, ऐक जरा."

रुइलानला आधी वाटलं, कुणीतरी बोलतंय. बोली तिच्या घरची होती. या इमारतीत ती बोली तिने एकदाच तोंडातून काढली होती, जिन्यात.

"हॉटेल बदलत नसतील तर ऱ्हाऊ दे. पण तिथं मला हाक मारू नको. लानलान-बिनलान काही नको. तुझं ते वरडून बोलणं, त्या बायकांचा दंगा, तो स्पीकर. इथली माणसं निराळी आहेत, आये. मी सगळ्यांना सांगितलंय, माझी आई शाळेत गाणं शिकवायची. आता तू आलीस आणि तोंड उघडलंस की संपलं माझं. तू मला वळखतच न्हाईस असं कर. एवढी लाज राख माझी."

आवाज ग्वेईझेनच्या कानांच्या बेताने ठेवलेला होता. लॉबीच्या उंच छतापर्यंत तो गेला. रुइलान स्टुलाकडे झेपावली. बटणं कुठली कशाची ते कळेना. तिने एक दाबलं, तर आवाज आणखी चढला. तिने वायर उपटली, तरी तो चालूच राहिला. मध्ये थोडा वेळ नुसता जिन्यातला घुमारा आणि कुणाची तरी पावलं. मग पुन्हा तोच आवाज, आता घाईतला:

"शेवटच्या दिवशी, निघायच्या आधी, मागच्या दाराशी थांब. मी येईन."

हे तिने म्हटलं होतं. हे ती साफ विसरली होती.

निंग जागच्या जागी उभी होती, हातात कुणाचंतरी कार्ड. औषध कंपनीचा माणूस आधी स्पीकरकडे आणि मग रुइलानच्या छातीवरच्या नावाच्या पट्टीकडे बघत होता. लिफ्ट उघडून पांग मावशी आणि तिच्या मागून नारिंगी टोप्या बाहेर आल्या होत्या. सामान हातात धरून सगळ्या तिथेच थांबल्या होत्या. काही कळलं नव्हतं ते एकट्या ग्वेईझेनला, डावा कान गेलेला आणि उजव्यावर फोन. तिने फोन कानापासून काढला, त्याच्याकडे रागाने पाहिलं, बाहीला पुसला, आवाजाची खूण वरपर्यंत ढकलली आणि पुन्हा कानाला लावला.

"आये, ऐक जरा. हॉटेल बदलत नसतील तर..."

"मॅडम," रुइलान म्हणाली. आईने मान वर केली नाही. "मॅडम, कृपया." हे माइकवरच्या आवाजात आईला कधीच ऐकू जाणार नव्हतं.

मग तिने गावाकडच्या चौकात मारावी तशी हाक मारली. "आये! बंद कर ते."

ग्वेईझेन दचकली. हातातला फोन मांडीवर पडला, स्पीकर अर्ध्या शब्दात थांबला. ती पटकन उठून काउंटरशी आली, इकडे-तिकडे बघत. फेंग साहेबांकडे बघून तिने कसनुसं हसून मान लववली आणि लेकीकडे झुकून कुजबुजली. तिची कुजबुज दारातल्या रखवालदारालाही ऐकू गेली असेल.

"अगं हळू. लोक ऐकतील. मी तेच बघत होते, कुठलं दार म्हणाली होतीस. मागची दारं दोन आहेत. एका दाराशी मी मघाशी उभी राहून आले, तिथे भाजीची गाडी होती."

"ऐकलं सगळ्यांनी," रुइलान म्हणाली.

"काय?"

पांग मावशी पुढे आली. तिने ग्वेईझेनच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि काय झालं ते सांगितलं. फार शब्द लागले नाहीत. ग्वेईझेनने स्टुलावरच्या स्पीकरकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. रुइलानला वाटलं, आता आई रडेल, किंवा ओरडेल, आणि ओरडली तर बरं. पण ग्वेईझेन फेंग साहेबांकडे वळली. जितकं शुद्ध बोलता येईल तितकं शुद्ध बोलायचा प्रयत्न करत ती म्हणाली, "साहेब, हा फोन खराब आहे. कुणाचंतरी बोलणं यात शिरलं. माझी पोर असं बोलत नाही."

फेंग साहेबांनी घसा साफ केला.

"हाओ," ते म्हणाले, "त्यांचा स्पीकर परत कर. बस थांबलीय."

रुइलान काउंटरच्या बाहेर आली. एका हातात स्पीकर, दुसऱ्या हाताने तिने आईची बॅग घेतली. आई म्हणत होती, राहू दे, तू काम कर, साहेब बघतायत. ती सोडेना. दोघी बॅगेचा एकेक बंद धरून दारापर्यंत गेल्या. मागून बायका आल्या, नेहमीसारखा गलका न करता. बसपाशी रुइलान म्हणाली, "आये, मी विसरले. मागच्या दाराचं मी विसरलेच." आईचा डावा कान तिच्याकडे होता. ऐकू गेलं की नाही, कळलं नाही. ग्वेईझेनने पिशवीत हात घालून जुन्या टॉवेलात गुंडाळलेली बरणी काढली. कलिंगड घालून मुरवलेल्या सोयाबीनचं तिखट. दर उन्हाळ्यात घरी घालायची ते.

"मागच्या दाराशी देणार होते," ती म्हणाली. "इथे पुढच्या दाराने वास आत येईल तुझ्याबरोबर. टॉवेल काढू नको."

पांग मावशी बसच्या पायरीवर थांबून होती. ग्वेईझेन आत गेल्यावर ती रुइलानला म्हणाली, "परवा रात्रभर ती मला सांगत होती, कामाची जागा आहे, पोरीला त्रास नको. मी म्हटलं, बरं बाई." तिच्या बोलण्यात राग नव्हता, आणि तेच रुइलानला जड गेलं. "वाळूवर गाण्याशिवाय नाचवलं आम्हाला. पाय मोडायचे बाकी होते." मग तीही आत गेली. बसची काच काळी होती. आई कुठल्या खिडकीशी बसली ते रुइलानला दिसलं नाही. म्हणून तिने अख्ख्या बसलाच हात हलवला.

*

हॉटेलात त्यावर कुणीही काही बोललं नाही. टोमणा नाही, थट्टा नाही. निंग आधीसारखीच गोड वागे, फक्त घरचा विषय काढत नसे. जेवणाच्या टेबलावर कुणी आईबापांबद्दल बोलायला लागलं की दुसरं कुणीतरी हळूच बोलणं वळवायचं, आणि ते आपल्यासाठी वळवलंय हे रुइलानला कळायचं. पुढच्या समारंभाचं निवेदन दुसऱ्या मुलीला दिलं. फेंग साहेब म्हणाले, नव्यांनाही संधी मिळायला हवी. तेही खरं असेल. एका दुपारी रुइलान त्यांच्या केबिनमध्ये गेली आणि उभ्यानेच म्हणाली की माझी आई गिरणीत होती, साचेखात्यात, मी खोटं बोलले होते. फेंग साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ठीक आहे, बस. माझेही वडील कोळशाच्या खाणीत होते किंवा असलं काहीतरी ते म्हणतील, अशी तिला उगाच आशा वाटली होती. ते तसं काही म्हणाले नाहीत. शनिवारच्या लग्नाच्या खोल्यांचं काय झालं, एवढं त्यांनी विचारलं.

बरणीतलं तिखट ती रोज खायची. संपेपर्यंत खाल्लं.

आणि आईचे बोललेले निरोप यायचे थांबले. आई आता लिहायला लागली होती. एकेक अक्षर शोधून, चुकीची अक्षरं घालून, मध्येच वाक्य सोडून. थंडी पडली. जेवलीस का. स्वेटर. रुइलान बोलून उत्तर पाठवायची, त्याला आई लिहून उत्तर द्यायची. बोल ना गं, ऐकायचंय मला, असं एकदा रुइलानने सांगितलं. आईने लिहिलं, "आता लिहायची सवय झाली. कुणाला त्रास नाही."

वसंताच्या सणाला, चिनी नववर्षाला, ती घरी गेली. वर्षाचा शेवटचा दिवस होता, आईने कणकेच्या करंज्या उकडल्या होत्या, शेजारीपाजारी फटाके वाजत होते. घरात आई पूर्वीसारखीच ओरडून बोलत होती, मीठ कुठे आहे, दार लाव, टीव्हीवर काय चाललंय. पण रुइलानचा फोन वाजला की ती एकदम गप्प व्हायची, आणि लेकीचं बोलणं संपेपर्यंत भांडंसुद्धा हळू ठेवायची. झाल्या गोष्टीबद्दल रुइलानने दोनदा बोलायला सुरुवात केली. दोन्ही वेळा आईने तिच्या ताटात आणखी एक करंजी वाढली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आई स्पीकर घेऊन चौकात निघाली, तशी रुइलानही निघाली. स्पीकर मी घेते, ती म्हणाली. आईने तो दिला नाही. चौकात बायका जमल्या होत्या, पांग मावशीने रुइलानला बघून मान हलवली आणि पाय मोकळे करायला लागली. मागच्या रांगेत एक नवीन बाई होती, नुकतीच या वसाहतीत मुलाकडे राहायला आलेली. ती ग्वेईझेनजवळ येऊन म्हणाली, "ताई, ही कोण? पाहुणी आलीय वाटतं."

ग्वेईझेन फोनवर गाणं शोधत होती. प्रश्न तिला ऐकू आला. तिने आधी लेकीकडे पाहिलं, काय सांगू, असं विचारल्यासारखं.

"मी लेक यांची," रुइलान म्हणाली. मोठ्याने म्हणाली, पहिल्या रांगेपर्यंत जाईल इतक्या.

"हो का," नवीन बाई म्हणाली. "काय करतेस?"

"हॉटेलात असते. छिंगदाओला."

आईने मान डोलावली, गाणं लावलं आणि आपल्या जागी जाऊन उभी राहिली. रांगा धरल्या गेल्या. रुइलानला पावलं येत नव्हती, म्हणून ती बाजूला, पिशव्या ठेवल्या होत्या तिथे जाऊन उभी राहिली. आई नाचताना चुकली नाही. पण ते एकदा वळून विचारणं रुइलानच्या डोळ्यांपुढून हलेना. परतीच्या गाडीतही नाही, आणि काउंटरवर उभं राहून कुणाचं आईबापांसकट बुकिंग घेताना तर नाहीच नाही.